व्याकरणात पैकीच्या पैकी, पण स्वतःचं वाक्य लिहिता येईना

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या घरी शिलाईकाम करतात आणि स्वतः मराठी माध्यमातून बारावी झाल्या आहेत. मुलगी नववीत, सेमी इंग्रजीच्या वर्गात. इंग्रजीच्या व्याकरणात ती हुशार आहे. प्रयोग बदला, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, क्वेश्चन टॅग लावा, 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, हे सगळं बिनचूक येतं. पण पत्र किंवा निबंध आला की ती पेन चावत बसते आणि लिहिते ते कुणाला कळत नाही. सहामाहीच्या पेपरावर बाईंचा शेरा आहे, 'सेंटेन्स कन्स्ट्रक्शन वीक. इम्प्रूव्ह ग्रामर.' वडील म्हणतात, सांगलीला ग्रामरचा क्लास लावू. जाऊबाईंचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे आणि फाडफाड बोलतो, त्यामुळे मराठी माध्यमात घालून आपणच मुलीचं नुकसान केलं, अशी रुखरुख आईला लागली आहे. त्या विचारतात, 'क्लास लावू का? दहावीआधी माध्यम बदलू का? घरात इंग्रजी बोलायला सुरुवात करू का? तिला लिहायला काही सुचतच नाही. मला स्वतःला इंग्रजी धड येत नाही, मग मी तिला कशी मदत करू?' सोबत मुलीच्या वहीतल्या एका पानाचा फोटो आहे. पावसाळ्यात शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती, त्यावर तिने लिहिलेलं.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र आणि मुलीचं पान, दोन्ही वाचलं. पत्रापेक्षा पान जास्त बोलतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तिने लिहिलं आहे: 'लास्ट वीक वुई हॅड गॉन टू पन्हाळा विथ अवर स्कूल अँड देअर वॉज सो मच फॉग सो तीन दरवाजा डिड नॉट सॉ प्रॉपरली अँड माय फ्रेंड फिअर कम अँड सर टोल्ड दॅट डू नॉट गो अहेड अँड आफ्टर ईटिंग टिफिन गोइंग अंबरखाना वॉज व्हेरी बिग.' सगळं एका दमात, आणि पूर्णविराम फक्त शेवटी.

बाईंनी 'वीक' का लिहिलं ते कळतं. पण आता चुका बाजूला ठेवून या पानात काय आहे ते बघा. गडावर दाट धुकं होतं. तीन दरवाजा नीट दिसला नाही. मैत्रीण घाबरली. सरांनी पुढे जाऊ दिलं नाही. डबा खाऊन झाल्यावर अंबरखाना पाहिला आणि तो केवढा मोठा आहे हे बघून ही चकित झाली. सहलीवरचे निबंध मी पुष्कळ तपासले आहेत. 'वुई एन्जॉइड अ लॉट' आणि 'वुई केम होम हॅपिली' यापलीकडे बहुतेकांत काही नसतं. तुमच्या मुलीने धुकं पाहिलं, मैत्रिणीचा चेहरा पाहिला आणि तो लिहावासा तिला वाटला. तिला काही सुचत नाही असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. सुचतंय भरपूर, ते इंग्रजीत उतरवताना ती अडखळते आहे.

आणि कुठे अडखळते हे पाहिलं तर लक्षात येतं की तिच्या चुका वाटेल तशा झालेल्या नाहीत. जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मागे एक अस्सल मराठी वाक्य उभं आहे.

'तीन दरवाजा डिड नॉट सॉ' हेच घ्या. मनात होतं, 'तीन दरवाजा नीट दिसला नाही.' मराठीत 'दिसणे' हे क्रियापद दरवाजाला लागतं. बघणारे आपण वाक्यात नसलो तरी काही अडत नाही. इंग्रजीत इथे सहसा बघणाऱ्याला वाक्यात आणतात: 'वुई कुड नॉट सी तीन दरवाजा.' शिवाय 'डिड नॉट' लिहिल्यावर पुढे 'सॉ' येत नाही, 'सी' येतं. भूतकाळ दाखवायचं काम 'डिड'ने केलेलं असतं, ते पुढच्या क्रियापदाने पुन्हा करायचं नसतं. ही एक गोष्ट नीट बसली तरी मराठी मुलांच्या वहीतल्या लाल खुणा बऱ्याच कमी होतात.

'माय फ्रेंड फिअर कम' म्हणजे 'मैत्रिणीला भीती वाटली'. आपल्याला भीती वाटते, राग येतो, भूक लागते, ताप येतो, कंटाळा येतो. प्रत्येक वेळी माणसाला 'ला' लागतो आणि कर्त्याच्या जागी जाऊन बसते ती भूक, तो राग, तो ताप. इंग्रजीत अशा वेळी बहुधा माणूस पुढे येतो: 'माय फ्रेंड वॉज स्केअर्ड', 'आय अ‍ॅम हंग्री', 'शी गॉट अँग्री'. तुमच्या मुलीला हे कुणी असं शेजारी शेजारी ठेवून दाखवलेलं नसावं. म्हणून तिने शब्दाला शब्द लावला.

'वुई हॅड गॉन' हे सरळ 'आम्ही गेलो होतो' आहे. झालेल्या गोष्टीबद्दल मराठीत 'काल बाजारात गेले होते', 'मागच्या महिन्यात मावशी आली होती' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीतलं 'हॅड गॉन' इतकं सहज वापरायचं नसतं. भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी दुसरी काही घडून गेलेली असेल, तर त्या आधीच्या गोष्टीसाठी ते ठेवलेलं असतं. 'आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा एसटी निघून गेली होती', तिथे 'द बस हॅड गॉन'. साध्या सहलीला 'वुई वेंट' पुरे. चांगल्या पदावरच्या मराठी माणसांच्या ईमेलमध्येही हे 'हॅड' जागोजागी भेटतं, तेव्हा नववीतल्या मुलीवर एवढं रागावण्याचं कारण नाही.

'सर टोल्ड दॅट डू नॉट गो अहेड' यात 'सरांनी सांगितलं की पुढे जाऊ नका' हे वाक्य जसंच्या तसं आहे. मराठीतल्या 'की'च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द आहेत तसे ठेवता येतात. इंग्रजीत इथे 'सर टोल्ड अस नॉट टू गो अहेड' असं करावं लागतं. आणि शेवटचं 'आफ्टर ईटिंग टिफिन गोइंग' हे आपलं 'डबा खाऊन गेल्यावर' आहे. मराठीत 'उठून, आवरून, डबा भरून, सायकल काढून शाळेत गेले' असं एका कर्त्यावर चार कामं करून वाक्य पुढे नेता येतं, आणि ते कानाला गोडही लागतं. इंग्रजीत एवढी मोठी साखळी पेलत नाही, तुकडे पाडावे लागतात. नाहीतर होतं ते तिच्या वाक्यात झालंय. डबा कुणी खाल्ला हे वाक्यात कुठेच नाही, आणि वाचणारा जाऊन आदळतो अंबरखान्यावर.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. डायरेक्ट-इनडायरेक्ट तिला बिनचूक येतं असं तुम्ही लिहिता. म्हणजे 'सर सेड, डोन्ट गो अहेड' असा प्रश्न पेपरात आला असता, तर तिने 'सर टोल्ड देम नॉट टू गो अहेड' हे उत्तर लिहून गुण घेतले असते. नियम तिला माहीत आहे. तोच नियम तिच्या स्वतःच्या वाक्यात लागतो आहे, हे मात्र तिला कळलं नाही. कारण व्याकरणाच्या प्रश्नात वाक्य आयतं मिळतं आणि काय करायचं याची सूचनाही कंसात आयती असते. 'नो सूनर' वापरा, 'अनलेस' वापरा, 'नॉट ओन्ली बट ऑल्सो'ने जोडा. मूल खुणा ओळखतं, शब्द इकडचे तिकडे करतं, गुण घेतं. कोरा कागद पुढे आला की कर्ता कोण, क्रियापद कोणतं, सुरुवात कुठून, थांबायचं कुठे, हे सगळं तिचं तिलाच ठरवावं लागतं. त्याचा सराव तिला कुणी दिलेला नाही. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पालक आणि शिक्षक त्यांना एकच समजून बसलो आहोत. 'ग्रामर पक्कं झालं की वाक्यं आपोआप येतील' ही समजूत इतकी रुळली आहे की बाईंच्या शेऱ्यातही तीच आली. तुमच्या मुलीला त्या प्रकारचं ग्रामर आणखी दिलं, तर ती त्या प्रश्नांत आणखी पटाईत होईल. पन्हाळ्याचं पान मात्र तसंच राहील.

तुम्ही शिलाईकाम करता म्हणून विचारते. शिकायला आलेल्या मुलीला टाक्यांची नावं पाठ करायला लावून तुम्ही कधी ब्लाऊज शिवायला शिकवलंत का? तिला कापड देता, ती वाकडी टीप मारते, तुम्ही ती उसवता आणि तिच्याकडूनच पुन्हा मारून घेता. इंग्रजी वाक्याचं तेच आहे. व्याकरण हवंच, आणि गावात इंग्रजी कानावर पडत नाही म्हणून आपल्या मुलांना ते जरा जास्तच हवं. पण तिने स्वतः लिहिलेलं वाक्य उसवताना ते समजलं, तर हाताला लागतं.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

माध्यम बदलू नका. दहावी एका वर्षावर आली आहे. गणित-विज्ञान ती इंग्रजीतून शिकतेच आहे. आत्ता इतिहास-भूगोलही इंग्रजीतून सुरू केले, तर ज्या विषयांत ती आज मोकळेपणाने विचार करते, तिथेही तिची जीभ अडखळायला लागेल. जाऊबाईंच्या मुलाशी तुलना तर अजिबात करू नका. फाडफाड बोलणं ही कानाची आणि सवयीची गोष्ट आहे, आणि त्याला ती शाळेत रोज मिळते. पण बोलता येणारं मूल स्वच्छ लिहितंच असं नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांतही 'अँड सो, अँड देन' असं अर्धं पान चाललेलं एकच वाक्य मला नेहमी दिसतं.

मराठी माध्यमात घातल्याचा अपराधीपणा मनातून काढून टाका. तुम्ही शिकलात तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 साली महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं, म्हणजे तुमच्या मुलीला तुमच्यापेक्षा चार वर्षं आधी इंग्रजी मिळालं. पण वर्षं वाढली म्हणून लिहिणं वाढलं, असं झालं नाही. बहुतेक वर्गांत मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात आणि गाईडमधला निबंध पाठ करतात. पहिलीपासून आजवर या मुलीने स्वतःच्या मनाची किती इंग्रजी वाक्यं लिहिली असतील? तिलाच विचारून बघा.

घरात ओढूनताणून इंग्रजी बोलायची गरज नाही. 'कम हिअर, ईट दिस' एवढ्याने तिला वाक्यरचना येणार नाही, आणि तुमच्या दोघींमधलं आजचं मोकळं बोलणं मात्र आटेल. त्यापेक्षा मराठीतच तिला नीट सांगायला लावा. शाळेतून आल्यावर ती 'अगं ते झालं ना, मग ती म्हणाली, मग ते तसंच राहिलं' असं काही सांगायला लागली, तर हसून विचारा, 'कोण म्हणाली? काय राहिलं?' मराठी क्रियापदातून कर्ता कळतो, म्हणून आपण तो सर्रास गाळतो. 'गेले, बसले, आले' यात 'मी' वेगळं म्हणावं लागत नाही. इंग्रजीत ते चालत नाही. कोण आणि काय केलं हे आधी मनात स्पष्ट मांडायची सवय लागली, की तिचं अर्धं इंग्रजी सुधारेल.

तुम्ही म्हणता, मला इंग्रजी येत नाही, मी काय मदत करणार. बारावीपर्यंतचं इंग्रजी तुमच्याकडे आहे आणि या कामाला तेवढं पुरतं. खरं तर पहिल्या काही आठवड्यांत तेवढंही लागणार नाही.

रोज संध्याकाळी तिने पाच वाक्यं लिहायची. विषय घरातलाच. आज दारात कोण आलं, दुकानात काय झालं, कुणाचा फॉल-पिको राहून गेला, गाय कुठे शिरली. निबंध नाही, प्रस्तावना नाही, फक्त घडलेलं. प्रत्येक वाक्य दहा शब्दांच्या आत. लिहून झालं की वही तुमच्याजवळ आणायची. तुम्ही प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून मराठीत एवढंच विचारायचं: 'यात कोण आहे? त्याने काय केलं?' तिला दोन्ही शब्द दाखवता आले पाहिजेत. 'कोण'चा शब्दच सापडला नाही, तर वाक्य अपुरं आहे. 'काय केलं'चा शब्द वाक्याच्या अगदी टोकाला सापडला, तर तिने मराठी क्रमाने लिहिलंय, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत ते कर्त्याला लागूनच बसतं. हे तपासायला इंग्रजी यावं लागत नाही. फक्त रोज बसावं लागतं, आणि रागवायचं नाही हे आधी ठरवावं लागतं.

मग तिला वाक्यं मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना दम लागला, की तिथे पूर्णविराम हवा होता. पन्हाळ्याच्या पानावर हे एकदा करून बघा. तिचेच शब्द ठेवून मी तुकडे पाडले, तर असं काहीतरी होईल: 'लास्ट वीक वुई वेंट टू पन्हाळा विथ अवर स्कूल. देअर वॉज सो मच फॉग. वुई कुड नॉट सी तीन दरवाजा प्रॉपरली. माय फ्रेंड वॉज स्केअर्ड. सर टोल्ड अस नॉट टू गो अहेड. वुई एट अवर टिफिन. देन वुई सॉ द अंबरखाना. इट वॉज व्हेरी बिग.' एकही अवघड शब्द नाही आणि सगळं कळतं. पण हे लगेच तिच्या हातात देऊ नका. आधी तिलाच तोडू द्या, मग दोन्ही शेजारी ठेवा.

लहान वाक्यं बाळबोध दिसतील, अशी भीती तिला वाटेल. तुम्हालाही वाटेल. आपल्याकडे भारी इंग्रजी म्हणजे लांबलचक इंग्रजी, असा समज अर्ज-विनंत्यांतून आला आहे. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट' असं सुरू झालं की गंभीर वाटतं. रजेचा अर्ज 'आय हॅड फीव्हर ऑन मंडे, सो आय कुड नॉट कम टू स्कूल' एवढ्यातही पूर्ण होतो, आणि वाचणाऱ्या बाईंचा वेळ वाचतो. लहान वाक्यं पक्की बसली की ती जोडायची. ते दोनेक महिन्यांनी येऊ दे. आधी 'बिकॉज', मग 'व्हेन', मग 'हू'. 'काल आलेला पाहुणा' असं मराठीत आपण नामाच्या आधी बांधतो, इंग्रजीत ते नामाच्या मागे जातं, 'द गेस्ट हू केम यस्टरडे'. ही उलटापालट मुलांना गोंधळात टाकते, म्हणून घाई नको. आणि 'जरी-तरी'च्या सवयीने 'दो'च्या पुढे 'बट' येतं, तेही तेव्हाच सांगता येईल. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचं असतं.

चुका सुधारताना एका वेळी एकच प्रकार हाती घ्या. पहिले पंधरा दिवस फक्त कर्ता आणि क्रियापदाची जागा, बाकी कितीही चुकलं तरी लाल पेन उचलायचं नाही. पुढे साधा भूतकाळ, 'वेंट, सॉ, एट', आणि 'डिड'नंतरचं मूळ रूप. त्यानंतर 'शी गोज'मधला तो 'एस'. मराठी क्रियापद कर्त्याप्रमाणे, कधी कर्माप्रमाणेही बदलतं, 'तिने पोळी खाल्ली, तिने भात खाल्ला'. त्या मानाने इंग्रजी क्रियापद फारच कमी बदलतं, आणि म्हणूनच जिथे बदलतं ते मुलांच्या नजरेतून सुटतं. 'अ, अ‍ॅन, द' सर्वांत शेवटी. मराठीत ते नाहीतच, आणि 'द'च्या मागे महिने घालवूनही थोडं राहतंच. एखादा 'द' राहिला म्हणून वाक्य सहसा कळायचं थांबत नाही. कर्ता राहिला तर थांबतं.

आणखी एक गोष्ट, आठवड्यातून एकदा. बालभारतीच्या तिच्या पुस्तकातल्या धड्यातल्या चार ओळी तिने मराठीत लिहायच्या. पाठ्यपुस्तकी मराठी नको, ती तुम्हाला सांगेल तसं. ही मराठी वही दोन दिवस बाजूला ठेवायची. मग पुस्तक न उघडता त्या मराठीवरून इंग्रजी करायचं आणि शेवटी पुस्तकाशी ताडून बघायचं. कुठे फरक पडला, हे ती स्वतः शोधेल. इथे तुमचं काम फक्त मराठी ऐकण्याचं आहे, आणि ते तुम्हाला उत्तम जमेल. दहावीच्या पेपरात इंग्रजीतून मराठीत भाषांतराचा प्रश्न असतोच, त्याचीही तयारी होऊन जाते. तसंही दहावीच्या 80 गुणांच्या लेखी पेपरात पत्र, संवाद, बातमी, गोष्ट अशा लेखनाला मिळून व्याकरणाच्या स्वतंत्र प्रश्नापेक्षा जास्त गुण आहेत. तिच्या वडिलांना गुणांची काळजी असेल, तर हे त्यांना आवर्जून सांगा.

बाईंना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका. वर्गात साठ मुलं असतील, तर प्रत्येकीचं पान उसवून दाखवणं एका माणसाला होत नाही, हे मी स्वतः शिकवत असताना पाहिलं आहे. त्यांना एवढंच विचारा, 'हिच्या लिहिण्यात कोणती एक गोष्ट आधी सुधारू?' 'इम्प्रूव्ह ग्रामर' यावर मूल काहीच करू शकत नाही. 'डिडनंतर मूळ क्रियापद' यावर करू शकतं. हे वाचणाऱ्या शिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. वर्गात व्याकरण शिकवाच, पण 'रिपोर्टेड स्पीच' शिकवून झालं की त्याच तासाला मुलांना सांगा, आज सकाळी आई तुम्हाला काय म्हणाली ते इंग्रजीत लिहा. दोन ओळी. पुस्तकातली दहा वाक्यं बदलण्यापेक्षा त्या दोन ओळींतून तुम्हाला जास्त कळेल, आणि मुलांनाही.

राहिला क्लास. तो लावूच नका, असं मी म्हणणार नाही. क्लासमध्ये मैत्रिणी मिळतात, एखादा चांगला शिक्षक भेटतो. पण फी भरण्याआधी तिथल्या सरांना किंवा मॅडमना विचारा: मुलं इथे आठवड्याला स्वतःचं किती लिहितात, आणि ते कोण वाचतं? 'आम्ही सगळे टेन्सेस पंधरा दिवसांत पूर्ण करतो' असं उत्तर आलं, तर तुमच्या मुलीला त्याची गरज नाही, ते तिला येतं. 'रोज एक परिच्छेद लिहून घेतो, आणि चुका बोलावून समजावतो' असं म्हणाले, तर तिथली एखादी तपासलेली वही पाहायला मागा. वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा असतील, तर फी आणि सांगलीच्या रोजच्या एसटीचा वेळ दोन्ही वाचवा.

माझं मत विचाराल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत घरचा प्रयोग करा. शंभर पानी साधी वही घ्या आणि वर तारीख घालत जा. पन्हाळ्याचं पान तिच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवून ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात किंवा घरात लग्नकार्य असेल तेव्हा खंड पडेल, पडू द्या, मग पुन्हा सुरू करा. सुट्टी लागली की तिलाच पहिल्या दहा दिवसांची आणि शेवटच्या दहा दिवसांची वाक्यं तपासायला सांगा, आणि क्लास हवा की नको हे तिलाही विचारा. तोवर कदाचित तिला वेगळंच काही हवं असेल, म्हणजे शाळेच्या वाचनालयातली इंग्रजी गोष्टींची सोपी पुस्तकं, किंवा रोज बोलायला एखादी मैत्रीण.

आणि बाईंच्या शेऱ्याबद्दल आजच तिच्याशी बोला. पत्रात तुम्ही लिहिलंय की तो पेपर तिने दप्तराच्या तळाशी लपवला होता. तिला सांगा की तिच्या बहुतेक चुका मराठीतून आल्या आहेत आणि त्यांची कारणं सापडली आहेत. मग वरच्या पाच चुका तिच्या शेजारी बसून मराठी वाक्यांसकट वाचून काढा. त्यातल्या तीन तरी ती स्वतःच दुरुस्त करेल, असं तिचं पान वाचून मला वाटतं.